ठुमरी आणि लावणी : दोन संज्ञांचा अर्थविचार

ध्रुपद, ख्याल, टप्पा, तराणा ही नावे उच्चारताना त्यांच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ध्रुवपदाचे ध्रुपद झाले, ‘ख्याल’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ कल्पना वा विचार असा आहे, एवढे विद्यार्थी एकदा पाठ करतो आणि पुढे गायनाच्या व्यवहारात त्याचे त्यावाचून काही अडत नाही. ‘ठुमरी’ आणि ‘लावणी’ या दोन नावांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्या व्युत्पत्तीचा प्रश्न निघाला की चर्चेत एक प्रकारची अस्वस्थता शिरते. कोणी नावाला संस्कृत कूळ मिळवून देऊ पाहतो, कोणी ते शेताच्या बांधावर नेऊन सोडतो, कोणी भक्तीच्या आश्रयाला जातो. एवढी धडपड ख्यालासाठी कोणी केलेली नाही.

याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. या दोन्ही संज्ञांच्या मागे नाचणारे शरीर उभे आहे. आणि ते शरीर बहुतेक वेळा अशा स्त्रीचे आहे की जिला समाजाने हौसेने पाहिले, ऐकले आणि तरीही आपल्या उंबरठ्याबाहेरच ठेवले. शब्दाचे मूळ सांगणे म्हणजे अप्रत्यक्षपणे त्या स्त्रीचे स्थान सांगणे होय. म्हणून येथे व्युत्पत्ती हा केवळ कोशकाराचा विषय राहत नाही. तो वाङ्मयसमीक्षेचाही विषय होतो. लखनौ हे ठुमरीचे आणि महाराष्ट्र हे लावणीचे माहेर मानले जाते. या दोन माहेरांमध्ये काही जुने येणे-जाणे आहे. ते ध्यानात घेऊन या दोन नावांचा अर्थ एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

‘ठुमरी’ शब्दाचा संबंध ‘ठुमक’, ‘ठुमकना’ या हिंदी शब्दांशी जोडला जातो, आणि तो जोडण्यास भाषेचा आधार आहे. ‘ठुमकना’ म्हणजे लहान लहान पावले टाकीत, प्रत्येक पावलावर किंचित अडखळल्यासारखे करीत, पायातील घुंगरू वाजतील अशा बेताने चालणे. मराठीतही ‘ठुमकत चालणे’ हा प्रयोग आपल्या परिचयाचा आहे. हा शब्द अनुकरणवाचक आहे. ‘ठुम’ या ध्वनीत आघात आहे आणि ओठ मिटवणाऱ्या मकारामुळे त्या आघाताला तत्काळ मिळालेला विराम आहे. याच कुळातला ‘ठुमकी’ हा शब्द हिंदीत पतंगाच्या दोरीला दिलेल्या हलक्या हिसक्यासाठी वापरतात. पतंगबाजीसाठी नावाजलेल्या लखनौत तो अपरिचित असण्याचे कारण नाही. ‘ठुमका’ म्हणजे नाचातील कमरेचा झटका. आणि ठेंगण्या बांध्याच्या माणसालाही हिंदीत ‘ठुमका’ म्हणतात. हे सर्व अर्थ शेजारी मांडले म्हणजे त्यांच्यातील समान धागा स्पष्ट दिसतो: आखूडपणा, हलका झटका आणि रोखून धरलेली गती. ‘ठुमक’मध्ये नुसती चाल नाही, चालता चालता स्वतःला आवरणे आहे.

उरला ‘री’. हिंदीत ‘गठरी’, ‘कोठरी’ या शब्दांत दिसणारा ‘री’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. आपल्या ‘कोठडी’तला ‘डी’ हा त्याचाच भाऊबंद. त्या न्यायाने ठुमरी म्हणजे ‘लहानसे ठुमकणे’ किंवा ‘ठुमकण्याजोगे लहान गीत’ असा अर्थ सहज निघतो. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून मात्र याहून रंजक फोड दिलेली आढळते. ‘ठुम’ म्हणजे चाल आणि ‘री’ म्हणजे ‘रिझाना’, अर्थात प्रसन्न करणे, रिझवणे. किंवा ‘री’ म्हणजे सखीला घातलेली हाक. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही फोड उतरत नाही. प्रत्ययाला क्रियापदाचे किंवा संबोधनाचे रूप देणे ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत आहे. तथापि लोकव्युत्पत्ती चुकीची म्हणून निरर्थक ठरत नाही. ठुमरीच्या पदांत नायिका वारंवार सखीशी बोलते, प्रियकराची तक्रार तिच्यापाशी करते. ऐकणाऱ्यांना गीताच्या नावातच ती हाक ऐकू आली, हे त्यांच्या रसिकतेचे प्रमाण मानता येईल. शब्दाच्या जन्माविषयी ती काही सांगत नसली तरी शब्दाच्या संसाराविषयी सांगते.

या ‘ठुमक’ शब्दाचा आणखी एक संसार आहे. तुलसीदासांच्या नावे गायल्या जाणाऱ्या एका अतिशय लोकप्रिय पदात नुकत्याच पावले टाकू लागलेल्या बाळरामाची चाल याच शब्दाने वर्णिली आहे. अयोध्येच्या अंगणातले ते मूल आणि लखनौच्या कोठ्यावरची ती नर्तकी यांच्या चालीला अवधची भाषा एकच शब्द योजते. मूल पडू नये म्हणून अडखळते. नर्तकी अडखळण्याचे सौंदर्य करते. एकीकडे वात्सल्य, दुसरीकडे शृंगार. पण शब्दाने दोघांत भेद केलेला नाही. भेद नंतर माणसांनी केला. ‘ठुमक’ या मुळाची ज्यांना लाज वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे की शब्दात मुळात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

२

ठुमरीचा जन्म अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याच्या दरबारात झाला, असे सर्रास सांगितले जाते. हा समज नावापुरताही खरा नाही. वाजिद अली १८४७ मध्ये गादीवर आला आणि १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केल्यावर कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेला. १८८७ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. ‘ठुमरी’ हा शब्द मात्र त्याच्या जन्मापूर्वी दीड शतक, म्हणजे सतराव्या शतकातील फारसी संगीतग्रंथांत आढळतो. तेथे तो गीतप्रकाराच्या आजच्या अर्थाने येत नाही. एखाद्या रागिणीचे वा धुनेचे नाव म्हणून येतो. पुढे १८३४ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथात कॅप्टन विलर्ड ठुमरीची नोंद गीतप्रकार म्हणून करतो. तिची भाषा शुद्ध ब्रज नसून मिश्र आहे आणि लय चपळ असल्यामुळे हा प्रकार चटकन ओळखू येतो, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. वाजिद अली त्या वेळी बारा वर्षांचा होता.

म्हणजे शब्दाचा प्रवास असा दिसतो: आधी चाल, मग धून, मग गीत. पायाचे नाव सुरावटीला मिळाले आणि सुरावटीचे नाव शब्दरचनेला. अशा प्रवासात काहीही अस्वाभाविक नाही. आपल्याकडेही ‘चाल’ हा शब्द पावलांवरून गाण्याच्या सुरावटीवर गेलाच आहे. ‘पदाला चाल लावली’ असे म्हणताना आपण पायांचीच उपमा वापरतो, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

काही विद्वानांनी ठुमरीचे मूळ याहून पुष्कळ मागे नेले आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दुसऱ्या अंकात मालविका चतुष्पदी गीत गाऊन त्यावर ‘चलित’ नावाचे अभिनययुक्त नृत्य करते. शृंगाराचे छोटे गीत, स्त्रीच्या मुखी प्रियाविषयीची उत्कंठा, आणि गाता गाता केलेला भाव ही तिन्ही लक्षणे ठुमरीत आहेत, तेव्हा ठुमरी ही त्या परंपरेचीच उत्तराधिकारिणी होय, असा हा युक्तिवाद आहे. साम्य नाकारण्याजोगे नाही. ‘चलित’ हे नावही गतीवरूनच आलेले आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे. परंतु येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. वस्तूचा वंश आणि नावाचा वंश एक असतोच असे नाही. गाता गाता भाव दाखवण्याची प्रथा प्राचीन असेल. तिला ‘ठुमरी’ हे नाव ज्यांनी दिले ते लोक, त्यांची भाषा आणि त्यांचा काळ प्राचीन नाही. कालिदासाचा दाखला देऊन आपण प्रथेला पूर्वज मिळवून देतो आणि त्याच वेळी नाव देणाऱ्यांना मात्र वारसाहक्कातून वगळतो. व्युत्पत्तीच्या चर्चेत ‘इष्ट पूर्वज’ शोधण्याची ही प्रवृत्ती फार जुनी आहे.

वाजिद अलीचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. तो स्वतः ‘अख्तरपिया’ या नावाने रचना करी, नृत्यात त्याची जाणकारी होती, आणि कैसरबागेतील परीखान्यात नर्तकींना शिक्षण देण्याची व्यवस्था त्याने केली होती. त्याने ठुमरीला जन्म दिला नाही; तिला दरबारात बसायला आसन दिले. लखनौचा इतिहासकार अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) याने मात्र याच काळाविषयी तक्रार केली आहे. कदरपियासारख्या रचनाकारांच्या ठुमऱ्या लोकांत पसरल्या आणि गंभीर संगीताची अभिरुची उतरणीला लागली, असे त्याचे मत. हे मत मान्य करो वा न करो, एक गोष्ट त्यातून कळते. ‘ठुमरी’ या संज्ञेला हलकेपणाचा अर्थ परक्यांनी चिकटवलेला नाही. लखनौच्याच अभिजनांनी तो प्रथम चिकटवला.

३

ठुमरी आणि नृत्य यांचे नाते लखनौच्या कथक घराण्याने जपले. बिंदादीन महाराज आणि त्यांचे बंधू कालकाप्रसाद यांची ड्योढी लखनौत आजही दाखवली जाते. बिंदादीनांच्या नावावर परंपरा दीड हजार ठुमऱ्या सांगते. आकडा परंपरेचा म्हणून सोडून दिला तरी त्या ठुमऱ्या कशासाठी रचल्या गेल्या याविषयी संशय नाही: त्या भाव बतावण्यासाठी होत्या. त्यांच्या पुढच्या पिढीतील शंभू महाराज बसल्या जागी एकाच ओळीवर नाना अर्थांचे अभिनय करीत, हे त्यांना पाहिलेल्यांनी वारंवार सांगितले आहे. येथे ‘ठुमक’ पायांतून उठून भुवयांत, मनगटात, मानेच्या कलात येते. पाय थांबले तरी नाच थांबत नाही.

पुढे ठुमरीचे दोन प्रवाह मानले गेले. एक बोलबाँटची वा बंदिशी ठुमरी: द्रुत लयीची, त्रितालासारख्या तालात शब्दांची लयीशी वाटणी करणारी, नर्तनाला सरळ जवळची. दुसरी बोलबनावाची: दीपचंदी किंवा जत तालात संथपणे चालणारी, एकेका शब्दाचा सुरांनी अर्थ उलगडणारी. बनारसच्या गायिकांनी या दुसऱ्या प्रकाराला वैभव दिले. ही ठुमरी बसून ऐकायची झाली. पण तिच्या अखेरीस तबला एकदम दुप्पट लयीत लग्गी वाजवू लागतो आणि गायिका काही आवर्तने केवळ मुखडा धरून राहते. हा भाग कशासाठी? गायनाच्या शास्त्रात त्याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. नर्तकीच्या पायांसाठी मोकळी ठेवलेली ती जागा आहे. नर्तकी उठून गेली, जागा राहिली. नावातला ‘ठुमक’ शब्दकोशात शोधावा लागतो, पण लग्गीत तो प्रत्यक्ष ऐकू येतो. व्युत्पत्तीचा याहून बळकट पुरावा कोणता असू शकेल?

नर्तकी उठून गेली, हे वाक्य सहजगत्या लिहिले तरी तो इतिहास सहज घडलेला नाही. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी १८५८ ते १८७७ या काळातील लखनौच्या नागरी करनोंदी तपासल्या तेव्हा सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या वर्गात तवायफांची नावे आढळली. म्हणजे या स्त्रिया नगराच्या आर्थिक जीवनाच्या काठावर नव्हत्या, मध्यभागी होत्या. १८५७ नंतरची धोरणे, आश्रयदात्यांचा ऱ्हास आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेली नाचविरोधी चळवळ यांनी त्यांना तेथून हलवले. विसाव्या शतकाच्या मध्यास कला टिकली ती बहुधा नाव बदलून. ‘बाई’ जाऊन ‘देवी’ वा ‘बेगम’ आली. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ मधील विवाहानंतर बेगम अख्तर झाल्या. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे ‘बाई’ ही आदराची उपाधी आहे. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई या नावांतून ती गळाली नाही. तोच शब्द गोदेकाठी मान देतो आणि गोमतीकाठी संशय निर्माण करतो. शब्दांचे मोल त्यांच्या धातूत नसते, त्यांच्या बाजारपेठेत असते, हे यावरून कळावे.

४

या कथेत मराठी माणसांचा हात आहे आणि तो दुहेरी आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील भैयासाहेब गणपतराव (जयाजीराव शिंदे यांचे पुत्र) यांनी हार्मोनियमसारख्या, सुरांना मींड देण्यास असमर्थ समजल्या गेलेल्या वाद्यावर ठुमरी वाजवली आणि ‘सुघरपिया’ या नावाने रचनाही केल्या. मौजुद्दीनसारखा विलक्षण ठुमरीगायक त्यांच्या सहवासात घडला. पुढे गोविंदराव टेंबे यांनी १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमाना’साठी पूरब अंगाच्या चाली मराठी पदांना दिल्या. अशा रीतीने कोठ्यावरची सुरावट मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत शिरली. तिचे मूळ नाव मात्र दाराबाहेर राहिले. घरात आले ते ‘नाट्यपद’.

दुसरा हात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा. १९२६ मध्ये लखनौत त्यांच्या पुढाकाराने संगीतविद्यालय स्थापन झाले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचे नाव त्याला दिले गेले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि आज ते राज्याचे संस्कृती विश्वविद्यालय आहे. ही संस्था कैसरबागेतील परीखान्याच्या वास्तूत नांदली. ज्या दालनांत वाजिद अलीच्या नर्तकी शिकल्या, तेथे मुंबईच्या एका वकिलाने घडवलेली थाटपद्धती शिकवली जाऊ लागली. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचा मुख्य भर ध्रुपद, धमार, ख्याल आणि लक्षणगीते यांवर आहे; ठुमरी त्यांच्या व्यवस्थेत कडेला आहे. यासाठी त्यांना दोष देणे उथळपणाचे होईल. खालसा झालेल्या दरबारांतून विखुरलेली विद्या लिपिबद्ध करून कुलीन मुलामुलींच्या आटोक्यात आणणे हे त्यांचे व्रत होते, आणि त्या काळच्या समाजात हे साधायचे तर शास्त्राचा आधार पुढे करणे भाग होते. त्याची किंमत कोणी मोजली हे मात्र नोंदवायला हवे. ‘उपशास्त्रीय’ या वर्गनामाने ठुमरीला शास्त्राच्या घरात जागा मिळाली, ती ओसरीवर. ओसरीवर बसायचे तर नाचता येत नाही.

५

आता लावणीकडे वळू. तिच्या नावाविषयी प्रामुख्याने तीन मते आहेत. पहिले लावण्याचे: लावण्याचे वर्णन करते ती लावणी. दुसरे शेताचे: भातरोपांच्या लावणीच्या वेळी म्हणायचे गीत ते लावणी. तिसरे संस्कृताचे: ‘लापनिका’ या शब्दापासून ध्वनिपरिवर्तनाने लावणी सिद्ध झाली. याखेरीज ‘लावणे’ म्हणजे जुळवणे, रचणे या मराठी क्रियापदाकडेही बोट दाखवले जाते. सूर लावणे, चाल लावणे, फड लावणे हे प्रयोग पाहता हा विचार मुळीच दुर्लक्षणीय नाही.

या मतांचा खरेखोटेपणा क्षणभर बाजूला ठेवून त्यांचे हेतू पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. ‘लावण्य’ मानणारा लावणीतील शृंगाराला सौंदर्यशास्त्रात बसवतो. ‘लापनिका’ मानणारा तिला संस्कृताच्या पंक्तीला नेतो. शेताची लावणी मानणारा तिला श्रमाचे पावित्र्य देतो, बैठकीतून उचलून चिखलात उतरवतो आणि तेथे ती त्याला अधिक शुद्ध वाटते. तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: फडावर उभी असलेली बाई तिघांच्याही व्युत्पत्तीत नाही. ठुमरीच्या नावात पाय आहेत म्हणून ते झाकावे लागले. लावणीच्या नावात पाय नाहीत म्हणून तिचे नाचणे विसरणे सोपे गेले.

लावणी या शब्दाची उत्तरेतील कहाणी मराठी अभ्यासकांकडून बरीच उपेक्षित राहिली आहे. उत्तर प्रदेशात ‘लावनी’ हा शब्द जुना आहे, परंतु तो ऐकून तेथील जाणत्याच्या डोळ्यांपुढे नऊवारीतील नर्तकी येत नाही. तेथे लावनी म्हणजे तुर्रा आणि कलगी अशा दोन पक्षांच्या आखाड्यांत, चंगाच्या साथीवर पुरुषांनी गायची सवालजवाबाची कविता. तुकनगीर आणि शाह अली या दोन साधूंना परंपरा तिचे प्रवर्तक मानते. एकाच्या बाजूस तुर्रा, दुसऱ्याच्या बाजूस कलगी. भारतेंदु हरिश्चंद्रांसारख्या आधुनिक हिंदीच्या निर्मात्याने लावन्या लिहिल्या. नौटंकीत लावनी हे एका छंदाचे नाव आहे. विशेष म्हणजे या प्रकाराला हिंदी प्रदेशात ‘ख्याल’ आणि ‘मरहठी’ अशीही नावे होती. दुसऱ्या नावात त्याच्या प्रवासाची खूण राहिली आहे. आमच्या कलगी-तुऱ्याचा आणि शाहिरी परंपरेचा हा आप्त तेथे नाचावाचून, स्त्रीवाचून नांदला. आणखी एक गंमत: पूर्वेकडील बोलींत ‘लवनी’ म्हणजे पिकाची कापणी, संस्कृत ‘लू’ म्हणजे कापणे या धातूशी जुळणारी, मराठीत लावणी म्हणजे रोपांची पेरणीनंतरची लागण. एका टोकाला लावतात ती, दुसऱ्या टोकाला कापतात ती. शेताची व्युत्पत्ती स्वीकारणाऱ्याने कोणते शेत आणि कोणता हंगाम, हे आधी ठरवायला हवे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. नाव हे वस्तूचे लक्षण नसते. तेच नाव एका प्रदेशात नाचते, दुसऱ्या प्रदेशात वाद घालते. नावाची व्युत्पत्ती सापडली म्हणजे वस्तू सापडली, असे समजणारा अभ्यासक कोशाला जीवन समजतो.

६

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या चर्चेचा उपयोग काय, असा प्रश्न येथे रास्त आहे. उपयोग वाचनपद्धतीचा आहे. ठुमरीचे पद कागदावर वाचले तर ते हाती फारसे काही देत नाही. स्थायी आणि अंतरा मिळून चार ओळी. वाट अडवणारा कृष्ण, न आलेला प्रियकर, ओढली गेलेली चुनरी, जागून काढलेली रात्र. प्रतिमा ठरीव, शब्द नेहमीचे, भाषा ब्रज-अवधीची सरमिसळ. काव्य म्हणून तिला क्षीण ठरवणे सोपे आहे, आणि अनेकांनी तसे ठरवलेही आहे. परंतु ही क्षीणता म्हणजे जाणीवपूर्वक राखलेली रिकामी जागा आहे. ‘ठुमक’ म्हणजे गती आणि आवर. ठुमरीची ओळही अशीच एक पाऊल टाकून थांबते आणि उरलेला अर्थ डोळ्यांवर, हातांवर, सुराच्या वळणावर सोपवते. एकच तक्रार रागाने, लाडाने, थकव्याने, खोट्या रागाने म्हणता यावी यासाठी ती मुद्दाम अपुरी ठेवलेली असते. तिचा आखूडपणा तिच्या नावातच सांगितला आहे. नाव ज्याने नीट वाचले, त्याला पद वाचण्याची किल्ली मिळते.

लावणीचे याच्या उलट आहे आणि तेही बोधप्रद आहे. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्या लांब असतात. त्या वर्णन करतात, कथा सांगतात, शेवटी शाहिराची नाममुद्रा उमटवतात. त्या छापता आल्या, संग्रहित करता आल्या, विद्यापीठांत शिकवता आल्या. पण छापील लावणी वाचून आपण शाहिराची ओळख करून घेतो, लावणीची नव्हे. बैठकीच्या लावणीत गायिका बसून एका ओळीवर पुनःपुन्हा येते, दर वेळी तिला निराळ्या अदेने उजळते. येथे लावणी ठुमरीच्या अगदी जवळ येते. शंभू महाराजांची बैठक आणि यमुनाबाई वाईकरांची बैठक यांमध्ये अंतर प्रदेशाचे आहे, तत्त्वाचे नाही. यमुनाबाईंना १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बेळगावच्या शोभा गुर्टू यांनी ठुमरी गायिली ती आई मेनकाबाई शिरोडकर यांच्याकडून नृत्य आणि गायन या दोन्हींचा वारसा घेऊन. त्यांच्या गाण्यात शब्दाला जो अभिनयाचा स्पर्श आहे तो त्या वारशाचा आहे.

दोन्ही प्रकारांत लिहिणारा बहुधा पुरुष आहे आणि बोलणारी स्त्री आहे. ‘पिया’ ही मुद्रा लावणारे रचनाकार आणि कवनाच्या अखेरीस आपले नाव गुंफणारे शाहीर दोघेही स्त्रीच्या मुखातून बोलतात. कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. कागदावरची ओळ त्यांची; त्या ओळीचे शंभर अर्थ जिने घडवले, तिचे नाव संग्रहाच्या मुखपृष्ठावर नाही. काव्यसंग्रहातून आणि शास्त्रग्रंथांतून तिला वगळल्यावर ती राहण्याची एकच जागा उरली: प्रकाराचे नाव. ठुमरीच्या नावातले ते ठुमकणे हीच तिची एकमेव सही आहे. व्युत्पत्ती सुधारून घेणारा विद्वान ती सहीच खोडतो.

७

लखनौचा नकाशा हाच या शब्दाचा अर्थकोश आहे असे म्हणता येईल. चौकात तो शब्द कोठ्याचा होता. कैसरबागेत तो आधी दरबाराचा आणि मग अभ्यासक्रमाचा झाला. गोमतीच्या पलीकडे, आवास विकास परिषदेने वसवलेल्या इंदिरा नगरसारख्या वसाहतीत ना ड्योढी आहे, ना कोठा, ना परीखाना. तेथे सरकारी नोकरदारांची, निवृत्तांची, बाहेरून आलेल्यांची घरे आहेत. अशा वसाहतीत हा शब्द दोन वेगळ्या वाटांनी पोचतो. एक वाट कथकच्या शिकवणीची: तेथे ‘ठुमरी’ हा परीक्षेतील एक विषय आहे, अदबीने उच्चारायचा. दुसरी वाट वरातीची: तेथे ‘ठुमका’ आहे, चित्रपटगीतावर कोणीही मारावा असा, आणि त्याला कोणत्याही परीक्षेची गरज नाही. एकाच मुळाच्या या दोन लेकी एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकींना ओळख देत नाहीत. एकीला प्रतिष्ठा मिळाली, तिने नाच सोडला. दुसरीने नाच सोडला नाही, तिला प्रतिष्ठा मिळाली नाही.

आपल्याकडेही हेच घडले आहे. महोत्सवांच्या मंचावर लावणी महाराष्ट्राची सांस्कृतिक ओळख ठरते, आणि संगीतबारीतील कलावंतीण त्याच महाराष्ट्रात घर भाड्याने मागायला गेली की नाव सांगताना अडखळते. तिचे ते अडखळणे नृत्यातले नव्हे.

शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे त्याला शुद्ध करणे नव्हे. तो जेथून आला तेथल्या माणसांना ओळख देणे होय. ठुमरीला कालिदासाची गरज नाही, लावणीला लापनिकेची नाही. पहिलीचे नाव एका पावलावरून पडले आणि दुसरीचे नाव कशावरून का पडलेले असेना, तिच्या प्रत्येक ओळीखाली पाऊल वाजते आहे. समीक्षेने निदान एवढे करावे: या दोन प्रकारांविषयी लिहिताना कान ज्या दिशेने लावायचा ती दिशा कागदाची नसून घुंगरांची आहे, हे विसरू नये. शब्द तेथेच जन्मला आणि त्याचा अर्थ तेथेच शिल्लक आहे.